परगावी बुके पाठवायचाय? तिथल्याच फूलवाल्याला गाठा

आईची साठी साताऱ्यात आणि लेक बेंगळुरूत, मित्राच्या दुकानाचं उद्घाटन नाशिकला आणि आपण ठाण्यात, अशी वेळ आली की बहुतेक जण मोबाइलवर एखादी मोठी वेबसाइट उघडतात, फोटो आवडला की पैसे भरतात आणि निर्धास्त होतात. बुके पोचतोही, पण फोटोत होता तसा क्वचितच. वीस गुलाब सांगितले तर बारा येतात, लिलीच्या जागी ग्लॅडिओलस असतो, आणि आई बिचारी "छान आहे हो" म्हणून विषय संपवते.

यात दरवेळी फसवणूकच असते असं नाही. अशा बऱ्याच वेबसाइट स्वतः बुके बांधतच नाहीत. तुमची ऑर्डर त्या गावातल्या एखाद्या दुकानाकडे सरकवतात. ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१० साली अमेरिकेतल्या काही फूलविक्रेत्यांनी एकत्र येऊन एकमेकांना तारेने ऑर्डरी कळवायला सुरुवात केली, कारण फुलं दूरवर पाठवण्यापेक्षा निरोप पाठवणं सोपं होतं. आजही तसंच चालतं. फरक इतकाच, की मधल्याचा वाटा वजा जाऊन जे उरतं त्यात साताऱ्यातला दुकानदार बुके बसवतो. म्हणून सरळ त्याच दुकानदाराला गाठावं. खटाटोप थोडा जास्त होतो, पण तेवढ्याच पैशात फुलं जास्त आणि ताजी मिळतात.

१. दुकान शोधा, आणि ते खरंच तिथे आहे ना ते बघा

गूगल मॅप्सवर नुसतं गावाचं नाव टाकू नका, ज्या भागात बुके जायचाय तो भाग टाका. 'फ्लोरिस्ट', 'फ्लॉवर शॉप', 'बुके', 'फुलांचं दुकान' असे वेगवेगळे शब्द टाकून बघा. छोट्या गावांत एकेका शब्दाला वेगळी दुकानं सापडतात. दुकानदाराने स्वतः टाकलेले फोटो सोडून द्या, गिऱ्हाइकांनी टाकलेले अलीकडचे फोटो बघा. दुकानात पाण्याच्या बादल्यांमध्ये फुलांच्या काड्या (दांड्यासकट एकेक फूल) उभ्या दिसतात का? मग तिथे बुकेचं काम रोज चालतं असं समजा. नुसते हार टांगलेले दिसत असतील तर तो हारवाला. त्याचे गजरे आणि वेण्या फार सुरेख असतील, पण बुकेसाठी लागणारा लांब दांड्याचा माल त्याच्याकडे असेलच असं नाही. तालुक्याच्या गावी बुकेचं दुकान सापडलं नाही, तर लग्नाच्या हॉलला सजावट करणाऱ्याला फोन लावा. त्याच्याकडे बहुधा माल असतो आणि बांधणारा हातही.

एक सापळा लक्षात ठेवा. मॅपवर दुकान म्हणून दिसणारे काही नंबर कुठल्या तरी दूरच्या कॉल सेंटरचे असतात. ओळखायची रीत सोपी आहे. विचारा, "दुकान नेमकं कुठे आहे? समोर काय आहे?" खरा दुकानदार क्षणभरही न थांबता "एसटी स्टँडसमोर, मेडिकलला लागून" असं काहीतरी सांगतो. समोरून "मॅडम, डिलिव्हरी कुठल्या सिटीत हवीये?" असा उलटा प्रश्न आला की फोन ठेवा.

२. दिवस आणि वेळ ठरवा

फुलांचा धंदा पहाटेचा. दादर स्टेशनजवळचा फूलबाजार उजाडायच्या आतच गजबजलेला असतो, पुण्याचा माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डात उतरतो, आणि तिथून किंवा जवळपासच्या पॉलिहाउसमधून टेम्पोने, खासगी बसने लहान गावांत पोचतो. माल आला की लगेच बुके बांधायचा नसतो. काड्या कापून दोन-तीन तास पाण्यात ठेवल्या तर फूल पाणी पिऊन ताठ होतं. म्हणजे सकाळी नऊला फोन करून "दहाला पोचवा" म्हटलं, तर तुमच्या वाट्याला कालचा माल येणार. निदान एक दिवस आधी सांगा. ऑर्किड, लिली, कार्नेशन हवं असेल आणि गाव लहान असेल, तर दोन-तीन दिवस आधी.

एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारची डिलिव्हरी घेऊ नका. स्कूटरवर अर्धा तास ऊन लागलं की जर्बेराने मान टाकलीच. सकाळी साडेदहाच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतरची वेळ मागा. पावसाळ्यात प्रश्न वेगळा असतो. दमट हवेत गुलाबाच्या पाकळ्यांवर तपकिरी ठिपके पडतात, ती बुरशी असते आणि ती पसरते.

व्हॅलेंटाइन डेमुळे फेब्रुवारीचा दुसरा आठवडा शक्यतो टाळा. मावळातल्या पॉलिहाउसमधला चांगला गुलाब त्या दिवसांत परदेशी आणि मोठ्या शहरांत जातो, उरलेल्याचा भाव चढतो. दसरा-दिवाळीला अडचण भावाची नसते, हातांची असते. दुकानदार झेंडूच्या ढिगात बसलेला असतो, हार आणि तोरणं संपता संपत नाहीत. तो फोनवर "हो, करतो" म्हणेल, पण तुमचा बुके शेवटी आणि घाईत बांधला जाईल. पाडव्याला किंवा भाऊबीजेला पाठवायचा असेल, तर आदल्या आठवड्यातच सांगून ठेवा आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्या माणसाला फोन करू नका.

३. फोनवर फुलांची नावं नको, प्रसंग आणि बजेट सांगा

नवखा माणूस हटकून इथे चुकतो. कुठला तरी फोटो पाठवून "असाच हवा" म्हणतो. त्या फोटोतलं फूल त्या दिवशी बाजारात नसलं तर दुकानदार मिळेल ते कोंबतो. त्यापेक्षा बोलणं साधारण असं व्हावं:

"नमस्कार दादा, बेंगळुरूहून बोलतेय. परवा आईची साठी आहे, शाहूपुरीत राहते. हजारापर्यंत बसेल असा बुके हवाय."

"कुठली फुलं टाकू ताई?"

"परवा ताजं काय येतंय तुमच्याकडे?"

"गुलाब रोज येतो. जर्बेरा आहे. कार्नेशन सांगितलंत तर मागवतो. लिली आहे, पण उमललीय सगळी, परवापर्यंत टिकायची नाही."

"मग लिली राहू दे. गुलाब आणि कार्नेशन करा. रंग फिकेच ठेवा, तिला भडक आवडत नाही. आणि चमकी मारू नका."

"नाही मारत. किती काड्या टाकू?"

"तुम्हीच सांगा, हजारात किती बसतील?"

या एवढ्याशा बोलण्यात बरंच काम झालं. लिलीबद्दल खरं सांगणारा दुकानदार भेटला, म्हणजे बाकीचंही खरं सांगेल अशी आशा ठेवायला हरकत नाही. 'ताजं काय येतंय' हा प्रश्न विचारला की त्यालाही कळतं, की समोरच्याला फुलांतलं थोडं कळतं. आणि काय नको ते आधीच सांगून झालं. हे सांगायला विसरू नका, कारण न सांगताही बुकेत घातल्या जाणाऱ्या गोष्टी बऱ्याच असतात: चमकीचा फवारा, निळा रंग पाजलेले गुलाब, मधेच खोचलेली कापडी फुलं, आणि बुकेपेक्षा मोठं प्लास्टिकचं रॅपिंग.

काड्यांचा आकडा मात्र ठरवून घ्याच. "मोठा बुके" या शब्दांना काही अर्थ नाही. पाल्याने कितीही मोठा करता येतो. कामिनी, फर्न, बारीक पांढऱ्या फुलांची जिप्सी यांच्याशिवाय बुके उघडाबोडका दिसतो हे खरं, पण आठ गुलाबांभोवती अख्खं झुडूप नको.

रंगांचंही एक गणित आहे. बाजारात डच गुलाबाच्या बंचात साधारण वीस काड्या असतात, जर्बेराच्या बंचात दहा. तुम्ही पाच रंगांचे गुलाब मागितलेत, तर दुकानदाराला पाच बंच फोडावे लागतात आणि उरलेला माल खपेल की नाही याची धास्ती तो तुमच्याच बिलात लावतो. एक किंवा दोन रंगांवर समाधान मानलंत तर त्याच पैशात तीन-चार काड्या जास्त येतात. दिसायलाही तोच बुके देखणा दिसतो, असं माझं ठाम मत आहे. सप्तरंगी बुके राजकीय सत्कारांना ठीक.

४. ताजं फूल ओळखायला शिका

दूर बसून हात लावता येत नाही, पण व्हिडिओ कॉल करता येतो. किंवा गावातल्या भाच्याला दुकानात पाठवता येतं, त्याला हे सांगून ठेवा.

गुलाबाची कळी जिथे दांड्याला मिळते त्याच्या जरा वर, दोन बोटांत हलकेच दाबायची. टणक लागली तर ताजी, भुसभुशीत लागली तर दोन-तीन दिवसांची. सगळ्यात बाहेरच्या पाकळ्या थोड्या हिरवट, कडेला करपल्यासारख्या असतील तर नाक मुरडू नका. त्या आतल्या फुलाचं रक्षण करतात आणि बुके बांधताना काढून टाकतात. उलट फूल अगदी स्वच्छ पण किरकोळ, शिडशिडीत दिसत असेल, तर संशय घ्या. जुन्या गुलाबाच्या सुकलेल्या पाकळ्या रोज एकेक करून सोलत गेलं की तो तसा होतो. दांड्यावरची पानं हेही चांगलं साक्षीदार आहेत. पानं लोंबलेली आणि फूल टवटवीत, असं आपोआप होत नाही, तिथे वरून पाणी मारलेलं असतं.

जर्बेराचा मधला गोल बघा. तो घट्ट मिटलेला हवा. त्यात पिवळ्या परागांची वर्तुळं आतपर्यंत फुलत गेली असतील तर फूल उताराला लागलंय. कार्नेशनच्या मधून पांढरे धागे बाहेर डोकावत असतील तर घेऊ नका. लिली आणि निशिगंध यांचं उलटं आहे. तिथे कळ्याच मागा. लिलीचं एखादं फूल उमललेलं आणि बाकीच्या फुगलेल्या कळ्या, निशिगंधाच्या खालच्या दोन-तीन कळ्या उघडलेल्या, म्हणजे घरी जाऊन रोज नवं फूल उमलतं.

टिकण्याचं म्हणाल तर कार्नेशन आणि शेवंती सगळ्यांना पुरून उरतात, नीट पाणी मिळालं तर दोन आठवडेही जातात. ऑर्किडही टिकाऊ, पण ते उष्ण प्रदेशातलं फूल असल्यामुळे गुलाबाच्या फ्रीजमध्ये ठेवलं तर गारठ्यानेच काळवंडतं. गुलाब पाच ते सात दिवस. निशिगंध त्याहून कमी, पण संध्याकाळी घरभर जो वास सुटतो त्यासाठी तेवढं माफ.

५. पत्ता असा द्या की पोऱ्याला दोनदा फोन करावा लागू नये

पिनकोडापेक्षा खुणा महत्त्वाच्या. "पिठाच्या गिरणीवरचा दुसरा मजला, लिफ्ट नाही, जिना मागच्या बाजूने" असं सांगा. लोकेशन पाठवा, पण ते घरच्यांपैकी कुणाच्या फोनवरून घेतलेलं असू द्या. मॅपवर स्वतः टाकलेली खूण हमखास मागच्या गल्लीत पडते.

नंबर दोन द्या. वयस्कर माणसं अनोळखी नंबर उचलत नाहीत, हल्ली उचलूही नयेत. म्हणून शेजारच्या काकूंना विश्वासात घ्या, त्यांचा नंबर दुकानदाराला द्या, आणि त्या वेळेला आई देवळात किंवा बँकेत गेलेली नसेल ना, हे त्यांच्याकडूनच काढून घ्या.

६. कार्ड

मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून पाठवा, फोनवर सांगू नका. देवनागरीत हवा असेल तर तसं स्पष्ट म्हणा, नाहीतर रोमन लिपीत छापलेलं 'हॅपी बर्थडे' ठरलेलं. आणि खाली नाव घाला. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण नुसतं 'खूप खूप प्रेम' लिहिलेला निनावी बुके चार माणसांच्या घरात जाऊन पडला की काय होतं, याची कल्पना करा.

७. पैसे आणि फोटो

पहिल्यांदाच व्यवहार करत असाल तर अर्धे आधी आणि उरलेले बुकेचा फोटो आल्यावर, असं विचारून बघा. बरेच दुकानदार मान्य करतात. पूर्ण रक्कम आधीच मागितली तरी लगेच शंका घेऊ नका. बांधलेला बुके घ्यायला गिऱ्हाईक फिरकलंच नाही, असा अनुभव त्यांच्याही गाठीला असतो. यूपीआयने पैसे पाठवताना दिसणारं नाव दुकानाचं किंवा मालकाचं आहे ना, ते विचारून घ्या. आणि "पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असं कुणी म्हणालं तर तो चोर. पैसे घ्यायला पिन लागतच नाही.

फोटो दुकानातून निघायच्या आधी मागा, आणि बुके कुणाच्या तरी हातात धरलेला असू द्या. टेबलावर ठेवून जवळून काढलेल्या फोटोत मूठभर बुकेही प्रचंड दिसतो. काड्या मोजा. काही बदल हवा असेल तर तो इथेच होतो.

तुम्ही परदेशात असाल आणि इथे एनआरई किंवा एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांसाठीचं बँकेतलं) खातं असेल, तर अमेरिका, इंग्लंड, सिंगापूर, अमिरातीसारख्या काही देशांच्या मोबाइल नंबरावरही यूपीआय चालू करता येतं. नाहीतर पैसे इथल्या भावाला द्यायला सांगणं सगळ्यात सोपं. तारीख मात्र भारतातली सांगा. अमेरिकेत १४ तारखेची रात्र असते तेव्हा इथे १५ उजाडलेली असते.

८. कुठे पाठवू नये

पत्रिका नीट वाचा. 'कृपया आहेर व पुष्पगुच्छ आणू नयेत' असं छापलं असेल तर ते मनापासून छापलेलं असतं. निवृत्तीच्या समारंभालाही ऑफिसात बुके पाठवू नका. तिथे डझनभर जमतात, अर्धे तिथेच राहतात आणि उरलेले गाडीच्या डिकीत उकडून निघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पाठवा. त्या दिवशी त्या माणसाला पहिल्यांदाच कुठे जायचं नसतं.

दवाखान्यात पाठवायच्या आधी विचारा. अतिदक्षता विभागात फुलं नेऊ देत नाहीत, आणि केमोथेरपी चालू असलेल्या माणसाजवळ फुलदाणीतलं साचलेलं पाणीसुद्धा नको. घरी आल्यावर पाठवा. बाळाच्या खोलीत लिली, निशिगंध असं उग्र वासाचं काही नको. ज्या घरात मांजर आहे तिथे लिली अजिबात नाही. तिचे पराग अंगावर पडून चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

दुःखाच्या घरी बुके पाठवत नाहीत. फोटोला घालायला पांढऱ्या फुलांचा हार पाठवायचा असेल तर तो ओळखीच्या माणसाच्या हाती द्या. डिलिव्हरीवाल्याने दारात उभं राहून "ऑर्डर आहे" म्हणणं त्या घरात बरं दिसत नाही.

युरोपातल्या कुणाला पाठवत असाल, तर आपली लाडकी शेवंती वगळा. फ्रान्स, जर्मनी, पोलंडमध्ये ती कबरीवर वाहायची फुलं. रशियात काड्या विषम संख्येत द्यायच्या, सम संख्या अंत्यविधीला. इंग्लंडमधला मातृदिन बहुधा मार्चमध्ये येतो, भारतात आणि अमेरिकेत मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. तिथे राहणाऱ्या बहिणीला कोणत्या दिवशी पाठवायचं ते तिच्या मुलांना विचारा. दुकान शोधायची रीत तीच: मोठं पोर्टल सोडा, तिच्या गावातल्या दुकानाची स्वतःची वेबसाइट शोधा.

९. बुके पोचल्यावर आईला करायचा फोन

आपल्याकडे बुके आला की कागदासकट टीव्हीशेजारी ठेवायची पद्धत आहे. पंख्याचा वारा आणि टीव्हीची ऊब, दोन दिवसांत खेळ खलास. तिला सांगा, आधी रॅपिंग आणि दोरा सोड. दांडे खालून इंचभर तिरके काप, पाण्यात बुडतील ती पानं काढून टाक, आणि पाणी रोज बदल. फुलदाणी नसली तर स्टीलची कळशी चालते. जर्बेराला मात्र पाणी चार बोटंच, त्याचा लवदार दांडा खोल पाण्यात कुजतो. पाण्यात नुसती साखर घालू नये. त्याने फुलांपेक्षा जंतूंचंच पोषण होतं. घालायचीच तर सोबत ब्लीचचे दोन-चार थेंब हवेत.

केळी-सफरचंदांच्या टोपलीजवळ ठेवू नये. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि कार्नेशन तर त्याने बघता बघता मिटतं. गुलाबाने मान टाकली, तर बहुधा दांड्यात हवा अडकलेली असते. पुन्हा थोडा कापून अख्खं फूल अर्धा-पाऊण तास पाण्यात आडवं बुडवून ठेवलं की बऱ्याचदा सरळ होतं. लिलीचे केशरी पराग कपड्याला लागले तर पाणी लावून चोळायचं नाही, डाग पक्का बसतो. चिकटपट्टीने टिपून घ्यायचे.

आणि बुकेऐवजी परडी पाठवली असेल, तर तिच्या तळाशी हिरवा फोम असतो, त्यात काड्या खोचलेल्या असतात. त्या उपसून काढू नयेत, पुन्हा त्याच भोकात खोचल्या तर त्यांना पाणी लागत नाही. रोज सकाळी मधोमध अर्धा पेला पाणी सावकाश ओतावं. फुलं संपली की फुलं आणि पाला कुंडीत गेला तरी चालेल, पण तो फोम कुजत नाही, त्यामुळे तो तुळशीत न टाकता सुक्या कचऱ्यात टाकायचा.